झोप्यांच्या मुलीचं नाव

झोपे हे आडनाव कानाला वाईट नाही. अडचण एवढीच, की त्याच्याआधी कुठलंही नाव लावलं की ते आडनाव राहत नाही, वाक्य होतं. जुन्या गोष्टींत असतं ना, राजा जागे, राणी झोपे, तसं. सरिता झोपे. सुमन झोपे. सांगणारा नाव सांगून थांबतो आणि ऐकणारा वाट बघत राहतो, की बरं, मग पुढे काय झालं.

घरातल्या पुरुषांनी हे कधी फारसं मनावर घेतलं नाही. घरातल्या एकुलत्या एका मुलीनं घेतलं. तिचं नाव अण्णांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, ठेवलं होतं जागृती. घरात तिला सगळे ताईच म्हणायचे, अण्णासुद्धा. पण शाळेत ताई म्हणून चालत नाही. पहिल्याच दिवशी बाईंनी पूर्ण नाव वाचलं, चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं आणि विचारलं, मग नक्की काय करायचं ठरवलंयस तू? वर्ग हसला. ते हसू पुढे इयत्तांमागून इयत्ता तिच्याबरोबर वर चढत गेलं. एक सर तर हजेरी घेताना तिच्या नावापाशी आले की आवाज बारीक करायचे, कुणाची झोपमोड व्हायला नको म्हणून.

अण्णा छापखान्यात अक्षरं जुळवायचे. दोन शब्द शेजारी बसले की काय होतं, हे त्यांना इतरांपेक्षा आधी दिसायचं. कुणी विचारलं, अहो, असं कसं नाव ठेवलंत, की ते मिशीत हसून सांगायचे, दोन्ही बाजू सांभाळल्यात, पोरगी जागी राहिली तरी बरोबर आणि झोपली तरी बरोबर. पाहुणे हसायचे. ताई आतल्या खोलीत पुस्तकात डोकं घालून बसायची.

ती मोठी झाली, डॉक्टर झाली, आणि डॉक्टरांमध्येही नेमकी भूलतज्ज्ञ झाली. ऑपरेशनच्या आधी माणसांना झोपवायचं, ऑपरेशनभर त्यांचा श्वास सांभाळायचा आणि काम झालं की परत जागं करायचं. कॉलेजातल्या मैत्रिणी म्हणाल्या, नशिबाशी भांडून उपयोग नाही. कोटावरच्या पट्टीत पूर्ण नाव नको म्हणून तिनं नुसतं आद्याक्षर लावलं, तर पट्टी आली ‘डॉ. जा. झोपे’. ती बघून वॉर्डबॉयही भिंतीकडे तोंड करून हसले. पण पुढे तिच्या लक्षात आलं, की भेदरलेला पेशंट ती पट्टी वाचतो, ओठांतल्या ओठांत हसतो आणि त्याची नाडी जरा खाली येते. तेव्हापासून तिनं ती बदलायचा विचार सोडला. स्वतःपुरतं तिचं आडनावाशी जमलं होतं. लग्न तिनं केलं नाही, आणि आडनाव बदलण्यासाठी तर मुळीच केलं नसतं.

अण्णांशी मात्र तेवढं जमलं नाही. अबोला वगैरे नव्हता. ती दर रविवारी घरी जायची, त्यांच्या गोळ्या बघायची, रक्तदाब मोजायची. बोलणं मात्र गोळ्यांपासून हवेपर्यंत आणि हवेपासून गोळ्यांपर्यंत. आई होती तोवर मधली जागा ती भरून काढायची. ती गेल्यावर ती जागा तशीच राहिली.

अशात धाकट्याला मुलगी झाली.

धाकटा म्हणजे ताईचा भाऊ. तो बेकरीत भट्टीवर कामाला. दुपारी घरी यायचा तेव्हा त्याच्या भुवयांत पीठ असायचं आणि अंगाला गरम पावाचा वास. जेवला की तो जिथे असेल तिथे आडवा व्हायचा. आडनावाला जागणारा घरात हा एकटाच, असं वहिनी म्हणायची. वहिनी छपराखालच्या तलावावर लहान मुलांना पोहायला शिकवायची. पोटात बाळ असतानाही ती काठावर उभी राहून शिट्टी वाजवायची, आणि सातव्या महिन्यात डॉक्टरांनी शिट्टी काढून घेतली तेव्हा फार चिडली होती.

मुलगी गुबगुबीत, शांत आणि बिननावाची. धाकटा तिला पिठाचा गोळा म्हणायचा. त्यानंच ताईला सांगितलं, नाव तू ठेव. हे आडनाव सगळ्यांत जास्त तुला चावलंय, तेव्हा तिला कमीत कमी चावेल असं तूच शोध.

ताईनं ते काम ऑपरेशनइतक्याच गंभीरपणे घेतलं. तिच्याकडे नावांचा एक वेगळाच साठा होता. भूल देताना पेशंटला आकडे मोजायला लावायचं तिला आवडत नसे. ती वाकून विचारायची, घरात सगळ्यांत लहान कोण? आणि माणसं सांगायची. कुणी नातवाचं नाव सांगायचं, कुणी भाचीचं, कुणी मांजरीचं. जीभ जड होत जायची आणि नाव मध्येच मऊ पडायचं. टणक अक्षरांची नावं अर्ध्यावर मोडायची. गोल, ओली अक्षरं असलेली नावं माणसाबरोबर आत उतरत जायची, जिन्यावरून पाय न वाजवता कुणी खाली जावं तशी. ताईला वाटायचं, चांगलं नाव ते, जे अर्धवट झोपेतही न सांडता म्हणता येतं.

मग दुपारी नावं लावून बघायचा उद्योग सुरू झाला. खिडकीतून पिवळट ऊन फरशीवर पसरलेलं, त्यात पाळणा, पलीकडे धाकटा पालथा, आणि ताई नि वहिनी नावं आडनावाला जोडून हळू आवाजात म्हणून बघताहेत. उषा झोपे, म्हणजे उजाडायचंच नाही. निशा झोपे, मग पहारा कोण करणार? ज्योती झोपे, दिवा चालू ठेवून कुणी झोपल्यासारखं. विद्या झोपे म्हटलं तर शाळेत पहिल्याच दिवशी प्रगतिपुस्तक हातात. म्हणता म्हणता त्यांनाच गुंगी यायची. एकदा तर वहिनी ‘शामल’ म्हणता म्हणता ‘शा’ वरच थांबली, आणि ताई बराच वेळ पुढच्या अक्षरांची वाट बघत बसली.

वहिनीनं लग्नानंतर आपलं माहेरचंच आडनाव ठेवलं होतं. ताईनं सुचवलं, की मुलीलाही तेच लावलं तर?

वहिनी म्हणाली, “माझ्या आडनावात उंदीर आहे, ताई. तुमच्या झोपेत निदान कुणी किंचाळत तरी नाही.”

अण्णा या सगळ्यात नव्हते. म्हणजे खोलीत असायचे, खिडकीपाशी पेपर धरून, पण त्यांना बोलायची मनाई असल्यासारखं होतं. तसं कुणी म्हटलं नव्हतं. त्यांचा डावा कान गेलेला होता आणि हल्ली ते तोच कान खोलीकडे करून बसायचे. एके दिवशी मात्र त्यांना राहवलं नाही. पेपराच्या मागून आवाज आला, “स्वप्ना?”

वहिनीला हसू फुटलं. ताई हसली नाही. ती आवाज न चढवता म्हणाली, “अण्णा, तुमचा एक विनोद मी जन्मभर गळ्यात घालून फिरतेय. आता दुसरा नको.”

अण्णांनी पेपराची घडी घातली. मग त्या घडीची घडी घातली. ऊन फरशीवरून भिंतीवर चढलं, आणि निघताना ताईनं रक्तदाब मोजायला दंडाला पट्टा बांधला तेव्हा ते शहाण्या मुलासारखा हात पुढे करून बसले.

त्याच वेळी तिच्या लक्षात आलं, की दुसरा हात ते पोटाशी धरून आहेत. विचारलं तर म्हणाले, सवय. तिनं हात बाजूला करायला लावला. हर्निया होता, आणि तो काही आजकालचा नव्हता. पोरीच्या सुट्ट्या कशाला खर्च करायच्या, म्हणून त्यांनी तो पॅन्टच्या पट्ट्याखाली दडवून ठेवला होता.

ऑपरेशन ताईच्याच हॉस्पिटलात ठरलं. पाठीच्या जुन्या दुखण्यामुळे मणक्यात सुई देता येणार नव्हती, म्हणून पूर्ण भूल द्यायची होती. आपल्या माणसाला आपण भूल द्यायची नाही, हा तिथला शिरस्ता, आणि ताईला तो पटलेलाही होता. भूल तिच्या वरिष्ठ मॅडम देणार होत्या. ताई फक्त डोक्याशी उभी राहणार होती.

सकाळी अण्णांना आत आणलं तेव्हा त्यांची कवळी काढलेली होती. गाल आत गेलेले, डोक्याला कागदी टोपी. ताईला ते ओळखू यायला क्षणभर वेळ लागला. तिनं हजारो माणसं या टेबलावर आडवी पाहिली होती, पण आपला बाप आडवा इतका लहान दिसतो हे तिला माहीत नव्हतं. वरचे दिवे अजून लावले नव्हते. खोलीत एक निळसर, पाण्याखालचा उजेड होता आणि मॉनिटरचा ठोका शांतपणे पडत होता. मॅडमनी सलाईनच्या नळीतून गुंगीचं इंजेक्शन दिलं. अण्णांच्या भुवया हळूहळू सैल झाल्या.

ताई त्यांच्या उजव्या कानाशी वाकली. काय बोलायचं तिनं ठरवलं नव्हतं. तोंडातून सवयीचंच आलं. “अण्णा, घरात सगळ्यांत लहान कोण?”

“ताई,” अण्णा म्हणाले.

तिला वाटलं, आपल्याला हाक मारताहेत. ती म्हणाली, आहे मी इथेच. पण अण्णा तिच्याशी बोलत नव्हते. ते छताकडे, छताच्याही पलीकडे कुठेतरी बघत होते.

“उघडले का गं डोळे तिनं?”

“कुणी, अण्णा?”

“पोरीनं. सिस्टरना विचार की. मला आत सोडत नाहीत.” त्यांची बोटं चादरीवर हलली, काचेवर टकटक करावं तशी. “अजून झोपलीच आहे म्हणतात.”

मॅडमनी मास्क लावला. अण्णांचा एक मोठा श्वास आत गेला, मग त्याहून लांब असा एक बाहेर आला, आणि ते गेले तिथे, जिथे सगळे जातात आणि परत आल्यावर कुणालाच काही सांगता येत नाही. ऑपरेशन चालू असताना ताई त्या श्वासाच्या पिशवीकडे बघत उभी होती. ती फुगत होती, मिटत होती, फुगत होती. मॅडमनी एकदा तिच्याकडे पाहिलं आणि काही न विचारता स्टूल तिच्याकडे सरकवलं.

दुसऱ्या दिवशी ती डब्यातून सूप घेऊन गेली. अण्णा उशीला टेकून बसले होते, कवळी परत जागेवर आली होती आणि चेहराही. सूप पिऊन झाल्यावर तिनं विचारलं, कोणाचे डोळे उघडत नव्हते?

आपण काय बोललो हे अण्णांना आठवत नव्हतं. तिनं सांगितलं तेव्हा त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं. बाहेर एक माणूस लांब दांड्याच्या फडक्यानं समोरच्या इमारतीच्या काचा पुसत होता. मग अण्णा बोलू लागले, आणि बोलताना एकदाही त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

ती जन्मली तेव्हा रडली नव्हती. श्वास चालू होता, पण तेवढंच. डोळे मिटलेले, मुठी मिटलेल्या. आई दुसऱ्या खोलीत तापानं फणफणलेली. डॉक्टर म्हणाले, वाट बघू, आणि ते ज्या सुरात म्हणाले त्यावरून अण्णांना कळलं, की वाट बघण्यासारखं फारसं काही नाही. त्यांना आत सोडत नव्हते. छापखान्यातून सुटले की शाईच्या बोटांनी ते काचेबाहेर येऊन उभे राहायचे आणि टकटक करायचे. काचेवर काळे ठसे उठायचे, आया रागावायची, पुसायची. ते परत उठवायचे.

“मग एका दुपारी तू डोळे उघडलेस,” अण्णा म्हणाले. “माझ्याकडे बघितलंस की दिव्याकडे, देव जाणे. सिस्टर कागद घेऊन बाहेर आल्या, नाव काय लिहू म्हणाल्या. मी सांगून टाकलं. आडनाव माझ्या डोक्यातच आलं नाही गं.”

ते डोक्यात आलं पुढे, छापखान्यात. ओळखीच्यांना कळवायला म्हणून त्यांनी मुलीच्या जन्माचं छोटंसं कार्ड जुळवायला घेतलं. अक्षरं ओळीत बसवली आणि पाहिलं, तर नाव आणि आडनाव शेजारी शेजारी. ते हसू लागले. कितीतरी दिवसांनी हसत होते, थांबताच येईना, डोळ्यांतून पाणी आलं. शेजारचे हसले, मालक हसले. तेव्हापासून कुणी विचारलं की ते हाच विनोद सांगायचे. दुसरं काही सांगायला गेलं तरी तोंडातून विनोदच यायचा. शिवाय आईनं बजावलं होतं, पोरीच्या कानावर हे जाऊ द्यायचं नाही, मनाला लावून घेईल.

ताई रिकाम्या डब्याचं झाकण लावत होती. ते बसत नव्हतं.

“शाळेत हसायचे मला, तेव्हा तरी सांगायचं होतंत,” ती म्हणाली.

“तू रडत घरी यायचीस,” अण्णा म्हणाले. “आणि मला वाटायचं, रडतेय ना, मग ठीक आहे. जन्मल्यावर तेवढंच तर हवं होतं आम्हाला.” मग म्हणाले, “चुकलंच ते.”

तिनं झाकण तसंच राहू दिलं आणि त्यांचं पांघरूण नीट केलं, नीटच होतं तरी. वॉर्डातल्या नर्सनं नंतर सांगितलं, की झोपे मॅडम त्या दिवशी व्हरांड्याच्या टोकाशी उभ्या राहून बराच वेळ काचा पुसणाऱ्या माणसाकडे बघत होत्या.

अण्णांना घरी आणलं त्या रविवारी ताई दुपारीच गेली. अण्णा आरामखुर्चीत, पोटावर उशी. खोकू नका आणि हसू नका, टाके दुखतील, असं सर्जननी सांगितलं होतं, आणि अण्णा दोन्ही गोष्टी मोठ्या कष्टानं टाळत होते. धाकटा जमिनीवर आडवा, भुवयांत पीठ. वहिनीनं बाळाला ताईच्या मांडीवर दिलं आणि ती कपडे वाळत घालायला गॅलरीत गेली.

बाळ झोपलेलं होतं. ताईच्या मनात आलं, इतक्या दुपारी आपण हिच्यावर नावं लावून बघितली, कपडे लावून बघावेत तशी, पण हिला बघितलं कुठे? दर नावाच्या पुढे ते आडनाव आधीच उभं असायचं, आणि त्याच्या पलीकडचं काही दिसायचंच नाही. आता तिनं बघितलं. पापण्या इतक्या पातळ, की आत काहीतरी सरकताना दिसत होतं. ओठांवर दुधाचा एक वाळलेला ठिपका. कपाळावर अण्णांच्यासारखीच आडवी घडी, एवढ्यातच. खोलीत ऊन होतं आणि सगळं थोडं लांब गेल्यासारखं वाटत होतं, गॅलरीतल्या बादलीचा आवाज, खाली कुठेतरी बंद होणारं फाटक.

मग तिला तो आवाज ऐकू आला. श्वास बाहेर सोडताना बाळाच्या नाकातून एक बारीक सूर निघत होता. ताईची बोटं आपोआप बाळाच्या छातीवर गेली. बरगड्या ओढल्या जात नव्हत्या, नाकपुड्या फुगत नव्हत्या, ओठ गुलाबी होते. काही बिघडलेलं नव्हतं. नाकच एवढंसं, की त्यातून जाणारी हवा वाजत होती. आत जाताना गप्प, बाहेर येताना एक सूर, मग त्याच्या खालचा दुसरा. जन्मभर ती श्वास ऐकत आली होती, घरघरणारे, अडकणारे, यंत्रानं दिलेले. असा श्वास तिनं कधी ऐकला नव्हता. ऐकता ऐकता तिचाही श्वास त्या लयीत कधी पडायला लागला, तिचं तिलाच कळलं नाही.

“वेणू,” ती म्हणाली. ते तिनं ठरवून म्हटलं नव्हतं. बासरीसारखं काहीतरी ऐकू आलं आणि शब्द बाहेर पडला, एवढंच.

वहिनी ओल्या हातांनी दारात आली. काय म्हणालात, तिनं विचारलं. ताईनं परत सांगितलं. वहिनीनं ते नाव तोंडात धरून पाहिलं, मग सवयीनं आडनाव जोडलं. “वेणू झोपे.”

 वाक्य झालंच होतं, ते टळणार नव्हतं. पण या वेळी ते ऐकून पुढे काय, असं विचारावंसं वाटलं नाही. जमिनीवरून, डोळे न उघडता, धाकटा म्हणाला, हेच ठेवा. आणि कूस बदलून पुन्हा झोपला.

अण्णा उशी पोटाशी आवळून बसले होते. त्यांचे खांदे हलत होते.

“काय झालं?” ताईनं विचारलं.

“काही नाही. मी कुठे काय बोललो?”

“बोला, अण्णा.”

अण्णांनी तिच्याकडे पाहिलं, खरंच बोलू का, असं. मग एका हातानं टाके सांभाळत ते म्हणाले, “शाळेत बाई विचारतील एवढंच. वाजणार कधी?”

ताई हसली. आधी नाकातल्या नाकात, मग तोंड दाबून, मग बाळ हलू लागलं म्हणून तिला मांडी सावरावी लागली इतकी. अण्णा हसत होते आणि आई गं, आई गं म्हणत होते. वहिनी दोघांना गप्प करायला धावली आणि दारातच बसून हसू लागली.

बाळानं डोळे उघडले. एकेकाकडे शांतपणे पाहिलं. मग ओठ वाकडे झाले, हनुवटी थरथरली आणि त्या एवढ्याशा नाकामागून असं भोकाड निघालं, की गॅलरीतली कबुतरं उडाली आणि धाकटा, भट्टी राहिली की काय, असं म्हणत उठून बसला.